संत्र्याच्या बागेत पाहुण्याचा तंबू

वर्धा जिल्ह्याच्या वायव्येकडील आष्टी, आर्वी आणि कारंजा हे तीन तालुके संत्र्याच्या लागवडीसाठी व गवळाऊ जातीच्या गुरांसाठी प्रसिद्ध आहेत. यांपैकी आष्टी तालुक्यातील बागाईतदारांपैकी काही तरुणांच्या मनात अलीकडे कृषिपर्यटनाचा विचार घोळू लागला आहे. परदेशातील द्राक्षमळ्यांच्या कडेला उभारलेले तंबू, त्यांत सुटी घालविण्यासाठी आलेली शहरी कुटुंबे आणि मळ्याच्या मालकासह वेलींच्या ओळींतून हिंडणारी मुले यांची चित्रे त्यांनी पाहिलेली असतात. तेथे द्राक्षाच्या बागेत जे घडते ते येथे संत्र्याच्या बागेत का घडू नये, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र चित्रावरून मिळणारे नाही; चित्रामागील व्यवस्था कोणती, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ही चित्रे बहुधा इटलीतील असतात. त्या देशाच्या वायव्य भागात पीडमाँट हा प्रांत आहे व त्याच्या दक्षिणेस तानारो नदीच्या आसपास लांगे नावाचा टेकड्यांचा मुलूख आहे. आल्बा हे तेथील बाजारपेठेचे गाव. टेकड्यांच्या उतारांवर नेब्बिओलो जातीच्या द्राक्षवेली, मधूनमधून हेझलनट नावाच्या कठीण कवचाच्या फळांच्या बागा आणि माथ्यावर जुनी दगडी खेडी, असा तो देखावा आहे. २०१४ साली युनेस्कोने या द्राक्षभूमीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला. वसंत ऋतूपासून द्राक्षतोडणीच्या ऑक्टोबर महिन्यापर्यंत तेथे पाहुण्यांची वर्दळ असते. काही पाहुणे शेतकऱ्याच्या घरातील खोलीत उतरतात, तर काही मळ्यालगतच्या मोकळ्या जागेत आपले तंबू ठोकतात.

हा मुलूख पूर्वीपासून संपन्न होता अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लांगेच्या टेकड्या दारिद्र्याबद्दल ओळखल्या जात. थोडी जमीन, तीही उताराची, गारपिटीची सततची भीती आणि द्राक्षाचा भाव ठरविणारा व्यापारी, अशी तेथील शेतकऱ्याची स्थिती होती. तरुण मंडळी टेकड्या सोडून तुरीन शहरातील मोटारींच्या कारखान्यांत आणि आल्बा येथील मिठाईच्या कारखान्यात कामास जात. मागे म्हातारी माणसे व ओसाड घरे उरत. न्युतो रेवेल्ली या लेखकाने कुनेओ परिसरातील अशा खेडुतांच्या तोंडून त्यांच्या हकीकती टिपून घेतल्या व १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्या ग्रंथाचे नावच ‘पराभूतांचे जग’ असे आहे. विदर्भातील शेतकऱ्यास यातील बरेचसे ओळखीचे वाटेल.

या परिस्थितीतून बाहेर पडण्याच्या ज्या अनेक वाटा शोधण्यात आल्या, त्यांत शेतावर पाहुणा ठेवणे ही एक होती. १९६५ साली इटलीत शेतावरील पर्यटनाला वाहिलेली एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८५ साली त्यासाठी देशाचा स्वतंत्र कायदा झाला व २००६ साली त्याच्या जागी नवा कायदा आला. आज त्या देशात पाहुणे ठेवणारी पंचवीस हजारांहून अधिक शेते आहेत. आकडा मोठा आहे. परंतु आपल्याकडील शेतकऱ्याने त्या आकड्यापेक्षा कायद्यातील एका अटीकडे लक्ष देणे अधिक हितावह ठरेल. ती अट अशी की, शेती हाच त्या कुटुंबाचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा त्यास जोडून, त्यापेक्षा दुय्यम असला पाहिजे. पाहुण्यास जे जेवण द्यावयाचे, त्यात स्वतःच्या शेतातील उत्पादनाचा भरीव वाटा असावा लागतो. निवास व भोजन दहा पाहुण्यांच्या आत असेल, तर शेतीच मुख्य आहे असे कायदा गृहीत धरतो. खोल्यांप्रमाणेच तंबू टाकणाऱ्यांसाठी राखलेली मोकळी जागादेखील या कायद्यात मान्य केलेली आहे.

दहा पाहुणे ही संख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे कृषिपर्यटन म्हटले की पन्नास माणसांचे भोजनगृह, पोहण्याचा हौद, सिमेंटची कुटिरे व त्यांसाठी काढलेले कर्ज असेच चित्र डोळ्यांपुढे येते. त्या चित्रात बाग कोठेतरी मागे, कुंपणाच्या शोभेपुरती उरते.

महाराष्ट्रातही या दिशेने काम झालेले आहे. नेरळजवळील सगुणा बागेचे उदाहरण जुने असून सर्वश्रुत आहे. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे पांडुरंग तावरे यांनी २००५ साली कृषिपर्यटन सुरू केले व पुढे अनेक शेतकऱ्यांस त्या मार्गावर आणले. नाशिक येथे गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली आणि कालांतराने द्राक्षमळा पाहण्यासाठी माणसे दुरून येऊ लागली. मात्र नाशिकचा सगळाच इतिहास सुखाचा नाही. २००८ नंतरच्या मंदीत वाइनचे अनेक कारखाने अडचणीत आले व करारावर द्राक्षे लावणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांना वेली उपटून टाकाव्या लागल्या. पाहुण्यांची गर्दी एका ठिकाणी आणि द्राक्षाचा तोटा दुसऱ्याच्या शेतात, असे तेव्हा झाले. २०२० साली महाराष्ट्र शासनाने कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केले असून त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते.

आता आष्टीकडे वळू. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने लांगे किंवा नाशिक येथील वाइनच्या चषकाचा येथे प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. पाहुणा येतो तो झाडावरचे फळ स्वतःच्या हाताने तोडून खाण्यासाठी. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याची सुटी साल मुलांनाही सहज सोलता येते, आणि आंबिया बहराची फळे पक्व होतात ती नेमकी हिवाळ्याच्या आरंभी, म्हणजे विदर्भातील हवा सर्वांत सुखद असते तेव्हा. मृग बहराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. तेव्हाही रात्री तंबूत सुखाने झोपता येते. त्यानंतरचा उन्हाळा मात्र पाहुण्यासाठी नव्हे, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीवर तंबू टाकण्याचा प्रयोग कोणी एकदा केला तर पुन्हा करणार नाही.

असे सगळे अनुकूल असताना अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. फळ तोडणीस येते तेव्हा आष्टी भागातील पुष्कळशा बागांतील फळ हे बागेच्या मालकाचे राहिलेले नसते. झाडावर फळ लिंबाएवढे असतानाच, काही वेळा त्याहूनही आधी, व्यापारी बागेत येतो, झाडांवरून नजर फिरवितो, अंदाज बांधतो आणि संपूर्ण बागेचा सौदा ठरवून इसार देऊन जातो. त्या दिवसापासून झाड शेतकऱ्याचे व फळ व्यापाऱ्याचे. तोडणी केव्हा करावयाची, कोणत्या मजुरांकडून करावयाची, माल वरूडला पाठवावयाचा की नागपूरला, हे व्यापारी ठरवितो. अशा बागेत मालकाने पाहुण्यांना बोलावले, तर त्यांच्या हाती कात्री देऊन “तोडा व खा” असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. पाहुण्याने एक टोपली भरली तरी ती दुसऱ्याच्या मालाची टोपली होय, आणि त्यावरून बांधावरच वाद उभा राहावयाचा.

या पद्धतीची निंदा करून भागणार नाही. शेतकरी बाग विकतो तो आळसाने विकत नाही. खरिपाच्या ऐन हंगामात कपाशी व सोयाबीनच्या फवारणीला, मुलांच्या शिक्षणाला आणि सोसायटीच्या हप्त्याला रोख पैसा लागतो, आणि तो पैसा त्या वेळी फक्त व्यापाऱ्याच्या हातून मिळतो. शिवाय फळगळीची, गारपिटीची व भाव पडण्याची जोखीम निदान कागदावर तरी व्यापाऱ्याकडे जाते. निदान कागदावर असे म्हणण्याचे कारण, भाव खरोखरच कोसळला की ठरलेली रक्कम कमी करून मागणे अथवा इसारावर पाणी सोडून बाग तशीच टाकून जाणे, हे प्रकार बागाईतदारांना अपरिचित नाहीत. २०१९ नंतर बांगलादेशाने संत्र्यावरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवीत नेले, तेव्हा त्या बाजारावर विसंबून केलेल्या सौद्यांचे काय झाले ते या पट्ट्याने अनुभवलेले आहे. ढाक्यात ठरलेल्या शुल्काचा घाव अखेर आष्टीच्या झाडाखाली पडतो. परंतु म्हणून सर्व बाग एकदम व्यापाऱ्याच्या हातून काढून घ्या, असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल. तसे करण्यासाठी लागणारे भांडवल बहुतेकांजवळ नाही.

मार्ग याहून लहान आहे, आणि तो आजच्या आज चोखाळता येण्याजोगा आहे. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. दोन हेक्टरांच्या बागेत साडेपाचशेच्या वर झाडे झाली. त्यांतील वीस झाडे सौद्यातून वगळली, तर व्यापाऱ्याला मिळणाऱ्या मालात शेकडा चार इतकीही घट येत नाही आणि इसाराची रक्कमही फारशी बदलत नाही. एका वेळी दहा पाहुणे, तेही आठवड्यातून एखादे वेळी येणार, असे धरले तर त्यांच्या हौसेला वीस झाडे भरपूर होतात. जी फळे उरतील ती मालकाने स्वतः खोक्यांत भरून त्याच पाहुण्यांना घरी नेण्यासाठी विकावीत. आपल्या फळाला शहरातील माणूस किती किंमत देतो, हे बागाईतदाराला त्या निमित्ताने प्रथमच प्रत्यक्ष कळेल. त्या ज्ञानाचा उपयोग पुढील वर्षी उरलेल्या पाचशे झाडांच्या सौद्याच्या वेळी होईल, आणि पाहुण्यांकडून मिळणाऱ्या पैशापेक्षा हा लाभ मोठा ठरण्याचा संभव आहे.

वगळलेली झाडे कोणती असावीत, याचाही विचार करावा लागतो. घराच्या किंवा रस्त्याच्या बाजूची, निरोगी, फार उंच न वाढलेली व एकमेकांस लागून असलेली झाडे निवडावीत. काही झाडांवर आंबिया व काही झाडांवर मृग बहर घेतल्यास पाहुण्यांचे दोन हंगाम मिळू शकतात. एकाच झाडावर दोन्ही बहर घेण्याचा मोह मात्र टाळावा. फळ पिकल्यावर पाहुण्यांची वाट पाहत झाडावर फार दिवस राखणेही बरे नाही, कारण नागपुरी संत्र्याची साल सुटून फळ पोकळ होते. त्या झाडांवरील शेवटची फवारणी कोणत्या औषधाची व कोणत्या तारखेस झाली याची नोंद ठेवावी, आणि औषधाच्या लेबलावर दिलेला प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याखेरीज एकही फळ पाहुण्याच्या हाती देऊ नये. १९८६ साली इटलीत मिथेनॉल मिसळलेली वाइन पिऊन वीसहून अधिक माणसे दगावली. भेसळ मोजक्यांनी केली होती, पण त्या देशाच्या सगळ्याच वाइनवरचा लोकांचा विश्वास उडाला व तो परत मिळविण्यास प्रामाणिक उत्पादकांना अनेक वर्षे झिजावे लागले. एका बागेतील फळाने पाहुण्याचे मूल आजारी पडले, तर आष्टीच्या सर्वच बागांची नावे त्या एका नावाबरोबर घेतली जातील.

तोडणी कात्रीने, थोडा देठ ठेवून करावयाची असते हे पाहुण्याला दाखवून द्यावे लागते. ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटते. मुलांना ही गोष्ट एकदा समजली की ती मोठ्यांनाही शिकवितात.

तंबू झाडांखाली टाकू नये. चित्रात तो झाडाखाली शोभून दिसतो, परंतु ओलिताच्या बागेतील माती माणसांच्या वावराने दबते, आळी मोडतात आणि ठिबकच्या नळ्या पायांखाली येतात. याहून गंभीर धोका डिंक्या रोगाचा आहे. मूळकूज व डिंक्या ज्या फायटोफ्थोरा बुरशीमुळे होतात, ती पाणी व चिखल यांबरोबर पसरते. एका बागेतील चिखलाने माखलेले जोडे घालून पाहुणे दुसऱ्या बागेत गेले, तर रोगाला वाहन मिळाले असे समजावे. म्हणून तंबूंची जागा बागेबाहेर, पाण्याचा निचरा होणाऱ्या मुरमाड धुऱ्याजवळ किंवा खळ्यावर असावी, आणि बागेत शिरण्यापूर्वी जोडे स्वच्छ करण्याची सोय असावी. बांगडी किंवा दुहेरी आळे पद्धतीने पाणी देऊन खोड कोरडे ठेवण्याचा जो उपदेश शेतकऱ्याला वारंवार केला जातो, तो पाहुण्यालाही समजावून सांगावा. शहरी माणसाला अशा गोष्टी ऐकण्याची आवड असते.

तालुक्याचा काही भाग जंगलालगत आहे. रानडुकरे व रोही यांच्यापासून पीक वाचविण्यासाठी शेतकरी रात्री जागलीला जातो, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या पट्ट्यातील वन्य प्राण्यांचा वावर प्रकल्पाच्या सीमेपुरता मर्यादित राहत नाही. अशा शिवारात पाहुण्याचा तंबू घराजवळच असावा, रात्री दिवा असावा, आणि शौचालय तंबूपासून हाकेच्या अंतरावर पक्के बांधलेले असावे. या एका बांधकामासाठी खर्च करण्यास हरकत नाही. बाकी सर्व सामान दोन तंबू, सतरंज्या, घोंगड्या व पिण्याच्या पाण्याची उत्तम व्यवस्था एवढ्यापुरते ठेवावे. तंबूचा मोठा गुण असा की, हा उद्योग दोन हंगामांत फसला तर तो गुंडाळून ठेवता येतो. कर्ज काढून बांधलेली कुटिरे गुंडाळता येत नाहीत. २००६ साली कर्जबाजारीपणाच्या प्रश्नावर केंद्र शासनाला विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास योजना जाहीर करावी लागली, त्यांत वर्धा होता. त्या जिल्ह्यात पर्यटनाच्या नावाने नवे कर्ज उभे राहू नये.

पाहुण्याला दाखविण्याजोगे येथे पुष्कळ आहे आणि त्यासाठी काही नवे उभारण्याचे कारण नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलिस ठाण्यावर गेलेल्या मोर्चातील हुतात्म्यांमुळे हे गाव आष्टी (शहीद) म्हणून ओळखले जाते. अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय जवळ आहे. गोठ्यातील पांढऱ्या, चपळ गवळाऊ बैलांची जोडी छकड्याला जुंपून शिवारातून एक फेरी मारली, तर मोटारीतून आलेल्या मुलांना दुसऱ्या करमणुकीची गरज राहणार नाही. आणि ही जात राखण्यास शेतकऱ्याला आणखी एक कारण मिळेल. जेवणास गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी व ठेचा असावा. हुरड्याची मागणी होईल, पण त्यासाठी ज्वारी पेरलेली असली पाहिजे. सोयाबीन, कपाशी व तूर यांच्यापुढे ती या भागातून इतकी मागे हटली आहे की, हुरडा बाजारातून विकत आणून पाहुण्याला वाढण्याची पाळी येईल. चार-सहा गुंठे ज्वारी त्यासाठी वेगळी पेरावी व तिची पाखरांपासून राखण करण्याची तयारी ठेवावी.

या उद्योगाचा हिशेब मांडताना एक खर्च हमखास विसरला जातो, तो घरातील स्त्रियांच्या श्रमांचा. दहा पाहुण्यांचा चहा, फराळ, दोन वेळचे जेवण व भांडी हे काम घरच्या सुनेवर व सासूवर पडते, आणि त्याच दिवसांत कापसाची वेचणीही चालू असते. जो शेतकरी शेजारच्या वावरातून वेचणीसाठी आलेल्या बाईला रोज देतो, तोच घरच्या बाईच्या कामाची किंमत शून्य धरतो व मग उद्योग नफ्यात असल्याचे सांगतो. हा हिशेब खोटा आहे. स्वयंपाकाची मजुरी पाहुण्यांकडून घ्यावयाच्या दरात आधीच धरावी व ती जिने काम केले तिच्या हाती, तिच्या खात्यात जावी. गावातील महिला बचत गटाकडे भोजनाचे काम सोपविल्यास अधिक चांगले, कारण त्यामुळे चार घरांत पैसा जातो आणि एका घराची ओढाताण थांबते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे काम येथे उत्साह वाढविण्याचे कमी आणि गाळणी लावण्याचे अधिक आहे. ज्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही, ज्याच्या बागेत निम्मी झाडे डिंक्याने वाळत आहेत, ज्याच्या घरी पाहुणचार करावयास माणूस नाही, त्याला या मार्गाने जाऊ देऊ नये. त्याची गरज वेगळी आहे व तिच्यासाठी वेगळे उपाय आहेत. जे दोन-तीन योग्य बागाईतदार गावात सापडतील, त्यांच्याकडे कार्यकर्त्याने जावे ते पाहुण्यांच्या हंगामात नव्हे, तर व्यापारी बाग पाहण्यास येण्यापूर्वी. सौदा तोंडी न ठेवता तो कागदावर घेण्यास शेतकऱ्याला प्रवृत्त करावे, आणि त्या कागदावर वगळलेल्या झाडांची संख्या, ओळ व दिशा स्पष्ट लिहून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. झाडांवर खूणही करावी. खोडांना बोर्डो मलम तर सगळ्याच झाडांच्या लागलेले असते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. वगळलेल्या प्रत्येक झाडाच्या फांदीला क्रमांक घातलेली पत्र्याची चकती सैल तारेने बांधावी, आणि तोडणीचे मजूर बागेत उतरतील त्या सकाळी मालकाने स्वतः तेथे हजर राहावे.